काट्याला शिक्का आहे, बिलाच्या संगणकाला का नाही?

प्रति,
मा. मंत्री महोदय,
अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.



हे पत्र पंचेचाळीस रुपयांबद्दल आहे. एवढ्याशा रकमेसाठी मंत्र्यांना कोण पत्र लिहितं, असं आपल्या कार्यालयात कुणाला वाटेलही. पण दुकानाच्या चुकीने ते पंचेचाळीस रुपये जास्त लागले तर मागायचे कुणाकडे, मागायला गेलेल्या माणसाचा वेळ आणि गाडीभाडं कोण भरून देणार, आणि ज्यांनी मागितलेच नाहीत त्यांच्या पैशांचं पुढे काय होतं, याचं उत्तर लातूर जिल्ह्यातल्या आमच्या औशात कुणाकडे नाही. ते आपल्याकडे असायला हवं. म्हणून थेट आपल्यालाच लिहिते आहे, आणि उघडपणे लिहिते आहे.

आमच्याकडे कालपरवापर्यंत किराणा म्हणजे यादी. दुकानदार यादीतल्या प्रत्येक जिनसापुढे भाव लिहीत जायचा, खाली बेरीज मारायचा आणि घरी आल्यावर कुणीतरी एकदा ती पडताळून पाहायचं. भाव जास्त लागला असेल तर दुसऱ्या दिवशी तोंडावर बोलता यायचं, कारण माणूस ओळखीचा. गेल्या काही वर्षांत लातूरला आणि पाठोपाठ तालुक्याच्या गावांतही मोठी दुकानं आली. लोक त्यांना सरसकट मॉल म्हणतात. किल्लारी, लामजना, मातोळा, भादा अशा गावांतून सोयाबीनचे पैसे हातात आले की माणसं सणाचा सगळा बाजार एकदम करायला येतात. माल हाताळून बघता येतो, भाव फळीवर लिहिलेला असतो, काही जिनसा खरोखर स्वस्त पडतात. या दुकानांवर माझा राग नाही. माझं म्हणणं एवढंच की तिथे भाव आता माणूस सांगत नाही, यंत्र लावतं, आणि त्या यंत्रावर आपल्या खात्याची नजर नाही.

दिवाळीच्या तोंडावर अशाच एका दुकानात रांगेत माझ्या पुढे साठीच्या घरातल्या एक बाई होत्या. रवा, मैदा, पिठीसाखर, खोबऱ्याच्या वाट्या, साबण, आणि पाच लिटरचा तेलाचा कॅन. तेलाच्या फळीवर पिवळ्या कागदावर ठसठशीत आकड्यांत ६७५ लिहिलेलं होतं. मीही तोच कॅन घेतला होता. बिलात लागले ७२०. बाईंना ते दिसलं नाही आणि दिसणारही नव्हतं. पडद्याचं तोंड बिल करणाऱ्या मुलीकडे, बिल हातभर लांब, त्यावर वस्तूंची नावं इंग्रजीत आणि तीही तोडून लिहिलेली. त्यांनी पदराच्या गाठीतले पैसे मोजून दिले. मी बोलले तेव्हा ती मुलगी म्हणाली, "काकू, सिस्टीममधी सातशे वीसच हाय." फळीवरच्या कागदाचं विचारलं तर म्हणाली, "ती ऑफर काल संपली. कागद काढायचा ऱ्हायला आसंल."

मॅनेजरला बोलावणं गेलं. मागे रांग लांबत गेली, लोक चुळबुळ करू लागले, एकाने "चाळीस रुपयांसाठी किती वेळ" असंही सुनावलं. शेवटी आम्हा दोघींना पंचेचाळीस-पंचेचाळीस रुपये परत मिळाले. दिलगिरीचा एक शब्द नाही. मी दुकानातून निघाले तेव्हा तो पिवळा कागद फळीवर तसाच होता.

आता मला सांगा, त्या दिवशी सकाळपासून तो कॅन किती जणांनी नेला असेल? त्यांच्यापैकी किती जणांनी बिल वाचलं असेल? ज्याने हरकत घेतली त्याला फरक मिळाला, ज्याने घेतली नाही त्याचे पैसे गल्ल्यात राहिले. दहा जणांना जास्त भाव लागला आणि एकानेच तोंड उघडलं, तर नऊ जणांचे पैसे दुकानाचे झाले आणि दहाव्याचे केवळ परत गेले. या व्यवहारात दुकानाला तोटा कुठेच नाही. दुकानदाराने हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण जी चूक करणाऱ्याला फुकटात पडते आणि वर चार पैसे मिळवून देते, ती सुधारायची घाई त्याला का व्हावी?

या चुका होतात कशा, हे आपल्या निरीक्षकांना ठाऊक आहे, आणि नसेल तर ती आणखी गंभीर गोष्ट आहे. भाव दुकानाच्या मुख्य कचेरीतल्या संगणकात बदलतो; फळीवरची चिठ्ठी मात्र माणसाच्या हाताने बदलावी लागते. रात्री बारा वाजता सवलत संपते, सकाळी कामाला येणारा मुलगा कागद काढायला दुपार करतो. दुसरा प्रकार जुन्या-नव्या मालाचा. एकाच साबणाचा जुना गठ्ठा कमी छापील किमतीचा, नवा जास्त किमतीचा, पण दोघांचा बारकोड एकच. बारकोड वाचला की यंत्र दोन किमती दाखवतं आणि कोणती लावायची ते बिल करणाऱ्याने निवडायचं. गर्दीत बोट वरच्या ओळीवर पडतं. हातातल्या पाकिटावर एक किंमत छापलेली आणि बिलात दुसरीच, हा अनुभव मोठ्या दुकानात जाणाऱ्या कुठल्याही गृहिणीला विचारा. तिसरा प्रकार सुट्ट्या मालाचा: शेंगदाणे, डाळ, काजू यांचं वजन करताना प्लास्टिकचा डबा वजनात धरला जातो, किंवा साध्या डाळीला भारीतल्या डाळीचा नंबर दाबला जातो. आणि चौथा, 'एकावर एक मोफत' असं लिहिलेली जोडी, जिचे बिलात दोन वेळा पैसे लागतात.

यातल्या कशालाही कायद्याचा आधार नाही. २००९च्या वैधमापन शास्त्र कायद्याखाली २०११ मध्ये झालेले वेष्टित वस्तूंचे नियम स्पष्ट सांगतात की छापील किमतीपेक्षा जास्त भावाने किरकोळ विक्रेत्याने माल विकू नये. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ त्याच्याही पुढे गेला आहे. वस्तूवर किंवा वेष्टनावर दाखवलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे घेणं, दुकानात लावलेल्या भावफलकापेक्षा जास्त घेणं, किंवा दोघांमध्ये ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त घेणं, ही सगळी तक्रारीची कारणं त्या कायद्याच्या कलम २ मध्येच मोजून सांगितली आहेत. म्हणजे फळीवरचा तो पिवळा कागद हे दुकानाचं वचन आहे आणि "सिस्टीममध्ये वेगळंच आहे" हे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही. हे आपल्याला माहीत आहे. कायदा केंद्राचा असला तरी राबवायचा आपण आहे.

मग राबवण्याचं काय झालं? भाजीवाल्याचा, किराणावाल्याचा इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी तपासून त्यावर शिक्का मारला जातो. काट्यावर शिक्का नसेल तर त्या भाजीवाल्याला दंड होतो, आणि व्हायलाच हवा. पेट्रोल पंपावर पाच लिटरचं माप ठेवायला लावलं आहे. कुणीही ग्राहक ते मागून मापात पेट्रोल भरून पाहू शकतो. पण वर्षाकाठी कोट्यवधींची विक्री करणाऱ्या दुकानात ज्या संगणकातून भाव लागतो, तो फळीवरच्या भावाशी जुळतो का, हे ठरावीक मुदतीने पाहण्याची सक्तीची पद्धत कुठे आहे? कुणाचं काम ते? टोपलीत वांगी घेऊन बसलेल्या बाईच्या काट्यावर वर्षाकाठी सरकारी शिक्का पडतो. तिच्यापासून शंभर पावलांवरच्या वातानुकूलित दुकानातल्या यंत्राला असा शिक्काच नाही. आपल्या खात्याने मापाची काळजी केली आणि भावाची सोडून दिली. ग्राहकाच्या खिशातून पैसे जातात ते माप गुणिले भाव असे जातात, अर्धा हिशेब तपासून संरक्षण होत नाही.

आपल्याकडून येणारं ठरलेलं उत्तर मला पाठ आहे: तक्रार करा. १९१५ वर फोन करा, वैधमापनच्या निरीक्षकाला कळवा, जिल्हा आयोगात जा. ठीक आहे, तेही पाहू. निरीक्षकाने कारवाई केली आणि गुन्हा दंड भरून मिटला, तर तो दंड सरकारी तिजोरीत जातो. ज्या बाईने गाठ सोडून पैसे मोजले तिला त्यातला एक रुपया मिळत नाही. जिल्हा ग्राहक आयोग लातूरला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, हे चांगलंच आहे. पण भाद्याच्या शेतमजूर बाईने पंचेचाळीस रुपयांसाठी लातूरला खेटे घालायचे म्हणजे एका फेरीतच मजुरी बुडून, तिकीट जाऊन, त्याच्या कितीतरी पट खर्च होणार. ऑनलाइन तक्रारीची सोय आहे म्हणाल, तर जिला बिलावरची अक्षरं लागत नाहीत तिने संकेतस्थळावर तक्रार भरावी अशी आपली अपेक्षा आहे का?

आणि निकाल? कायद्यात लिहिलं आहे की मालाची चाचणी लागत नसेल तर समोरच्या पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत तक्रार निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. कागदावरच्या या आश्वासनाचं प्रत्यक्षात काय होतं ते देशाने मथुरेत पाहिलं. तिथल्या एका वकिलाकडून १९९९च्या डिसेंबरात रेल्वेच्या तिकीट खिडकीवर वीस रुपये जास्त घेतले गेले. ते ग्राहक मंचात गेले. निकाल लागला ऑगस्ट २०२२ मध्ये. बावीस वर्षं, शंभरावर तारखा. वीस रुपये व्याजासह आणि पंधरा हजार रुपये नुकसानभरपाई मिळाली. ते स्वतः वकील होते म्हणून टिकले. आमच्या तालुक्यातल्या माणसाने वीस रुपयांसाठी बावीस वर्षं लढावं, अशी व्यवस्था आपण संरक्षण म्हणून आमच्यापुढे ठेवता?

पैसे ग्राहकापर्यंत पोचण्याची वेळ एकच असते. तो काउंटरपुढे, बिल हातात घेऊन, माल पिशवीत भरत उभा असतो ती. एकदा तो दाराबाहेर पडला की कुणाचे किती गेले ते सापडत नाही. याचा पुरावा सरकारच्याच कारभारात आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये कित्येक वस्तूंवरचा जीएसटी उतरला. कर उतरला पण भाव उतरले नाहीत, अशा तक्रारी नफेखोरीविरोधी प्राधिकरणापुढे गेल्या. हिंदुस्थान युनिलिव्हरने सुमारे ३८३ कोटी रुपयांचा फायदा ग्राहकांना दिला नाही, असा निर्णय डिसेंबर २०१८ मध्ये आला. कंपनी त्याविरुद्ध न्यायालयात गेली. निर्णयात रक्कम कुणाला द्यायची ठरली? प्रत्येक ग्राहक शोधणं शक्य नाही म्हणून ग्राहक कल्याण निधीला, काही केंद्राच्या आणि काही राज्यांच्या. ज्या बायांनी ते साबण आणि शांपू जास्त भावाने घेतले त्यांच्या हाती काही पडायची सोयच त्या निर्णयात नव्हती.

पुढे तर ते दारही बंद झालं. नफेखोरीच्या नव्या तक्रारी १ एप्रिल २०२५ पासून घेतल्या जात नाहीत. आणि त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, २२ सप्टेंबर २०२५ला, जीएसटीचे दर पुन्हा उतरले. साबण, शांपू, केसांचं तेल, टूथपेस्ट, बिस्किटं १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. तूप, लोणी १२ वरून ५ वर. घराघरात बचत होईल असं आम्हाला सांगण्यात आलं. जुन्या छापील किमतीचा माल दुकानात पडून असताना नवा भाव फक्त संगणकात बदलायचा होता. म्हणजे सगळा विश्वास पुन्हा त्याच यंत्रावर, जे कुणी तपासत नाही. त्या दिवाळीत लातूर जिल्ह्यात किती दुकानांच्या संगणकांत भाव वेळेवर उतरले, हे आपल्या खात्याने पाहिलं का? पाहिलं असेल तर तो अहवाल कुठे आहे? जीएसटी परिषदेत महाराष्ट्रालाही जागा आहे, त्यामुळे हा केंद्राचा विषय म्हणून हात झटकता येणार नाहीत.

दुकानाच्या चुकीची भरपाई दुकानातच, उभ्या जागी मिळावी, ही माझी मागणी काही आकाशातून पडलेली नाही. बारकोड वाचून पहिली वस्तू विकली गेली ती अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी, २६ जून १९७४ रोजी. च्युइंगमचा एक पुडा होता तो. त्या देशात लवकरच कळलं की यंत्र चुकतं. तिथल्या सरकारी आयोगाने १९९६ मध्ये दुकानं तपासली तेव्हा शंभरातल्या जवळपास पाच वस्तूंचा भाव चुकीचा निघाला. दोन वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा तिसांत एक. त्यातल्या पुष्कळ चुका ग्राहकाच्या फायद्याच्याही होत्या, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं. मिशिगन राज्यात कायदाच आहे: लावलेल्या भावापेक्षा जास्त पैसे घेतले तर फरक परत आणि वर फरकाच्या दहापट, कमीत कमी एक डॉलर आणि जास्तीत जास्त पाच. कॅनडात २००२ पासून मोठ्या दुकानांनी आपणहून एक संहिता स्वीकारली. दहा डॉलरपर्यंतच्या वस्तूचा भाव यंत्राने जास्त लावला तर ती वस्तू फुकट, त्याहून महाग असेल तर दहा डॉलर कमी, असा तिचा मूळ नियम. क्वेबेक प्रांतात तर अशी तरतूद ग्राहक कायद्याखालीच आहे. या नियमांनी तिथली दुकानं बंद पडली नाहीत.

परदेशाचं उदाहरण नको असेल तर मुंबईतच, मंत्रालयापासून पायी जाण्याच्या अंतरावर, रिझर्व्ह बँक आहे. तिने सप्टेंबर २०१९ मध्ये बँकांना बजावलं की एटीएममधून नोटा न येता खात्यातून पैसे गेले, तर पाच दिवसांत ते आपणहून परत करायचे. उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये ग्राहकाच्या खात्यात जमा करायचे, आणि त्यासाठी त्याच्या तक्रारीची वाट पाहायची नाही. यंत्राच्या चुकीचा भुर्दंड यंत्राच्या मालकावर, ही गोष्ट या देशात मान्य झालेली आहे. जे बँकेला लागू आहे ते किराण्याच्या मोठ्या दुकानाला लागू करायला अडचण कोणती?

सोयाबीन घेऊन आमचा शेतकरी हमीभाव केंद्रावर जातो तेव्हा ओलावा बारा टक्क्यांच्या वर निघाला तर माल परत येतो. २०२४च्या नोव्हेंबरात ओरड झाली तेव्हा कुठे ती मर्यादा पंधरावर नेली. आडतीवर माती-काडी निघाली तर त्याच्या भावातून कापलं जातं. तो म्हणू शकत नाही की माझ्या शेतात असंच आहे. त्याच्या मालातली उणीव जागच्या जागी, त्याच्याच पैशातून वसूल होते. तोच शेतकरी हाती आलेले पैसे घेऊन काउंटरपुढे उभा राहतो तेव्हा दुकानाची उणीवही त्याच्याकडूनच वसूल व्हावी, हा कुठला न्याय?

मी काय मागते ते साध्या भाषेत लिहिते. बारकोडवर बिल करणाऱ्या प्रत्येक दुकानात, छापील किंवा फळीवरच्या भावापेक्षा बिल जास्त झालं तर ग्राहकाला फरक तर मिळावाच, वर ठरावीक भरपाई त्याच जागी, रोख मिळावी. दोनशे रुपयांच्या आतली वस्तू असेल तर ती फुकट द्यावी. महाग असेल तर फरकाच्या दहापट रक्कम, एका मर्यादेपर्यंत. ही मर्यादा आपण व्यापाऱ्यांशी बोलून ठरवा, माझी हरकत नाही. पण भरपाई अर्ज, पुरावा आणि हेलपाटे यांवाचून मिळाली पाहिजे. काउंटरजवळ मराठीत, मोठ्या अक्षरांत फलक हवा की चुकीच्या बिलाची भरपाई मिळते. पडदा गिऱ्हाइकाकडे वळवलेला हवा. बिलात छापील किंमत आणि लावलेली किंमत शेजारी शेजारी, वस्तूंच्या मराठी नावांसह हवी. दुकानांच्या पाट्या मराठीत असाव्यात म्हणून राज्य सरकारने २०२२ मध्ये कायदा दुरुस्त केला, लहान दुकानांनाही तो लागू केला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत त्याची बाजू मांडली. मग दाराबाहेर मराठीचा एवढा आग्रह धरणाऱ्या सरकारला दाराआत इंग्रजीतलं बिल चालतं कसं? पाटी न वाचता दुकानात शिरलं तर कुणाचं नुकसान होत नाही. बिल वाचता आलं नाही तर होतं.

आणि एक अट मी आवर्जून घालते. ही भरपाई त्या काउंटरवरच्या मुलीच्या पगारातून कापली जाऊ नये. दिवसभर उभं राहून बिलं करणारी ती आमच्याच गावची पोरगी आहे. भाव तिने भरलेला नसतो आणि कागद काढायला तिच्याकडे माणूस नसतो. नियमात हे स्पष्ट लिहा, नाहीतर मोठ्यांची चूक तिच्या माथी मारली जाईल आणि पुढच्या वेळी ती ग्राहकाशी खरं बोलणार नाही. तसंच हाताने बिल लिहिणारा गल्लीतला किराणावाला या नियमातून वगळा. त्याच्याशी भांडायला आणि मिटवायला आम्ही समर्थ आहोत.

व्यापारी संघटना विरोध करतील हे मला दिसतं. त्या म्हणतील, लोक चिठ्ठ्या हलवून ठेवतील आणि फुकट माल मागतील. प्रत्येक मोठ्या दुकानात कॅमेरे आहेत. पाकीट उचललं म्हणून पोरांना धरायला ते चालतात, चिठ्ठी कुणी हलवली ते पाहायलाही चालतील. आणि एका वस्तूला एकदाच भरपाई असं ठरवलं की दहा कॅन घेऊन दहा वेळा मागण्याचा प्रश्न उरत नाही. चूक माणसाकडून होतेच, असंही ते म्हणतील. होते, मान्य. वीजबिल भरायला ग्राहकाकडून एक दिवस उशीर झाला तर ती माणसाची चूक म्हणून कुणी सोडतं का? जो व्यापारी आपल्या फळ्या नीट ठेवतो त्याला या नियमाचा एक रुपयाही खर्च नाही. उलट आज त्याच्या शेजारचा गाफील दुकानदार त्याच गाफीलपणातून कमावतो आणि नीट वागणाऱ्याला मागे टाकतो, त्यालाही यामुळे आळा बसेल.

अधिकाराचा प्रश्नही आपण काढू नये अशी विनंती आहे. वजनेमापे हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. वैधमापन कायद्याची अंमलबजावणी आपल्या निरीक्षकांकडे आहे. ग्राहक संरक्षण कायद्यानुसार राज्य ग्राहक संरक्षण परिषदेचे अध्यक्ष आपण स्वतः आहात आणि जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. दोन्ही परिषदांच्या वर्षातून किमान दोन बैठका व्हाव्यात, असं कायदा सांगतो. लातूर जिल्ह्याच्या बैठका केव्हा झाल्या, त्यांत काय ठरलं आणि दुकानातल्या चुकीच्या बिलांचा विषय एकदा तरी निघाला का, हे आम्हाला कळू द्या. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा या देशात ग्राहकांसाठी वेगळा कायदाही नव्हता; तो १९८६ मध्ये झाला. ज्या राज्यातल्या लोकांनी कायद्याच्या बारा वर्षं आधी ही चळवळ उभी केली, त्या राज्याने कॅनडाच्या दुकानदारांच्या मागे राहावं का?

दरवर्षी २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन येतो. तहसीलमध्ये कार्यक्रम होतो, टेबलावर माहितीपत्रकं मांडली जातात, ग्राहकाने जागरूक राहावं असं भाषण होतं. आम्ही जागरूक राहिलो, महोदय. बिल वाचलं, हरकत घेतली, रांगेतल्या लोकांची बोलणी खाल्ली. आता आपल्या खात्याने आपल्या बाजूचं काम करावं. येत्या ग्राहक दिनाच्या भाषणाऐवजी लातूर जिल्ह्यातल्या बारकोडवर चालणाऱ्या दुकानांची तपासणी करून घ्या: प्रत्येक दुकानात शंभर वस्तू उचला, फळीवरचा भाव आणि संगणकातला भाव ताडून पाहा, आणि दुकानाच्या नावासह आकडे जाहीर करा. त्याला नवा कायदा लागत नाही, नवा निधी लागत नाही. एका दुकानाला एक निरीक्षक आणि एक दिवस पुरतो. त्या आकड्यांवरून भरपाईचा नियम करायचा की नाही ते ठरवा, आणि जे ठरवाल ते औशाच्या लोकांना लेखी कळवा.

आपली,
एक ग्राहक
औसा, जि. लातूर